जेद्दाच्या दारातली गोळी

मुंबईहून हजच्या बोटी सुटत त्या काळात जेद्दाकडे साथीवर एकच उपाय होता: माणूस अडवा. १८६५ मध्ये मक्केत कॉलरा पसरला, तिथून इजिप्तमार्गे युरोपात गेला आणि पुढच्याच वर्षी त्यावर तोडगा काढायला कॉन्स्टँटिनोपलला देशोदेशींचे प्रतिनिधी जमले. मग तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून ठेवायची रीत पडली. हाल अर्थातच डेकवरून येणाऱ्या गरिबांचे झाले.

पुढे भीती कॉलऱ्याची उरली नाही, मेनिन्जायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेची आली. १९८७ च्या हजमध्ये त्याची साथ उसळली आणि लस सक्तीची झाली. आफ्रिकेच्या मेनिन्जायटिस पट्ट्यातून येणाऱ्यांसाठी आणखी एक तजवीज झाली: सौदीत पाऊल ठेवताच सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी. माणूस आजारी नसतो, पण घशात जंतू बाळगून असतो. त्याला गर्दीत शिरण्याआधीच गाठायचे. आता माणूस नव्हे, जंतू अडवायचा होता. कमरानपेक्षा ही युक्ती शतपटीने माणुसकीची, आणि हुशारही.

तरी हिशेब एवढ्यावर मिटत नाही. धडधाकट माणसांच्या रांगेला दरवर्षी एकच औषध दिले, की त्या औषधाला पुरून उरणारे जंतूच मागे राहतात. तेवढ्यावरून सगळा दोष या गोळीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. सिप्रो जगभर खिरापतीसारखी वाटली गेली आहे. पण २०२४ मध्ये उमराहशी, म्हणजे हजखेरीज वर्षभर चालणाऱ्या मक्केच्या यात्रेशी, जोडलेल्या मेनिन्जायटिसच्या रुग्णांत सिप्रोला दाद न देणारा जंतू सापडला, आणि अशा रुग्णांच्या निकटच्या माणसांना सिप्रोऐवजी दुसरे औषध द्यावे, असा सल्ला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने दिला.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग लसीचा आहे. १९८७ नंतरची लस मेनिन्जायटिसच्या जंतूच्या ए आणि सी प्रकारांपुरती होती. २००० मध्ये डब्ल्यू-१३५ या प्रकाराने तिला बगल दिली आणि परतलेल्या यात्रेकरूंबरोबर रोग त्यांच्या घरांत शिरला. मग चार प्रकारांवरची लस सक्तीची झाली. जुनी पॉलिसॅकराइड लस टोचून घेणाऱ्याला वाचवत असे, पण त्याच्या घशातला जंतू फारसा हलत नसे. नव्या घडणीची कॉन्ज्युगेट लस त्या जंतूला घशात ठाण मांडायलाच अडचण करते. म्हणजे गोळीचे काम लस करू लागली, तेही प्रतिकाराला खतपाणी न घालता.

कायद्याचा बडगाही लागतोच. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकण्यावरची बंदी सौदीने २०१८ पासून कडकपणे राबवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच जेद्दात प्रतिजैविक-प्रतिकारावरची मंत्रिस्तरीय परिषद भरली. २०३० पर्यंत या प्रतिकाराशी निगडित मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचे संयुक्त राष्ट्रांतले वचन तेव्हा ताजे होते. पण दुकानदाराला दंड करून गिऱ्हाइकाचा खोकला थांबत नाही. हजला खोकला जवळजवळ ठरलेला, आणि बऱ्याचदा तो विषाणूंचा. त्यावर ॲझिथ्रोमायसिन घेऊन उपयोग शून्य. आपल्याकडून जाणाऱ्यांच्या बॅगेत मात्र ‘असू दे जवळ’ म्हणून घरच्या केमिस्टकडून घेतलेली पट्टी असते, आणि तिच्यापुढे जेद्दाचा कायदा हतबल आहे. निघण्याआधीच्या शिबिरात मेनिन्जायटिसबरोबर फ्लूची लसही प्रत्येकाला टोचली, तर ती पट्टी फोडायची वेळ कमी जणांवर येईल. हा खर्च अँटिबायोटिक वाचवण्याच्या खात्यावर मांडायला कुठल्याही अर्थखात्याने हरकत घेऊ नये.