टाळ-मृदंगाची उपासना

‘जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आमच्यासाठी दुसरे पुराण का रचत नाही?’ अशा अर्थाचा प्रश्न गोव्यातल्या सासष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादर थॉमस स्टीफन्स यांना विचारतो. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग येतो. माणसाचा धर्म बदलला होता, पण ओवी ऐकण्याची त्याची ओढ तशीच होती. इंग्लंडहून आलेल्या या जेझुइटाला ती कळली आणि त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्या लिहिल्या. १६१६ मध्ये हा ग्रंथ राचोलला छापला गेला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी पुराणाची हस्तलिखिते टिकली. १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली.

देशावर श्रोत्यांच्या ओढीची ही जाण पुन्हा पहिल्यापासून यावी लागली. एकोणिसाव्या शतकातल्या मिशन चर्चमध्ये इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवत. चाल सांभाळताना लघू अक्षर ताणले जाई, गुरू आखडे, आणि ओळीतला अर्थ हरवे. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी येशूचे चरित्र कीर्तनात आणले, तेव्हा श्रोत्यांना ओळखीचा सूर सापडला.

नारायण वामन टिळकांनी मात्र उपासनेचा आत्माच मराठी केला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला तुकोबांच्या अभंगांतून ख्रिस्तापर्यंत वाट सापडली होती. त्यामुळे त्यांच्या भजनांत देव दूरच्या सिंहासनावर बसत नाही. भक्त त्याला आई म्हणतो, त्याच्याशी भांडतो, त्याच्यासाठी व्याकूळ होतो. टाळ आणि पेटी घेऊन मंडळी जमिनीवर बसली की ही भजने खुलतात. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून टिळकांनी संन्यस्त वृत्ती पत्करली. ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाची त्यांची कल्पना १९१९ मधल्या त्यांच्या मृत्यूने अपुरी राहिली.

तो धागा काही अंशी जॅक विन्स्लो यांनी उचलला. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या या इंग्रज धर्मगुरूंनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला. खादी, साधे राहणे, भारतीय वळणाची उपासना असा तिथला क्रम होता.

कॅथलिक चर्चला अशी मोकळीक मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. १९६९ मध्ये पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम, आरती यांना भारतात मान्यता मिळाली. पण वरून आलेल्या परवानगीने भक्ती आपोआप रुजत नाही. काहींना ही नक्कल वाटली, आणि जिथे समजावून न सांगता तबक फिरले तिथे ती शंका रास्तच होती. टिळकांची भजने अशी समजावून सांगावी लागली नाहीत, कारण ती याच मातीतल्या कानांसाठी रचलेली होती.

आज की-बोर्डवर अनुवादित गाणी वाजवणे सोपे झाले आहे. अशा वेळी मराठी मंडळ्यांनी ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातले टिळकांचे एक तरी भजन दर रविवारी टाळ-मृदंगावर म्हणावे आणि ते मुलांकडून पाठ करून घ्यावे.