प्राचीनता म्हणजे सत्याचा पुरावा काय?

पंधराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स नगरात एक ग्रीक हस्तलिखित येऊन पोहोचले. इजिप्तचा प्राचीन ज्ञानी हर्मिस याच्या नावावर ते होते. मार्सिलिओ फिचिनो हा विद्वान तेव्हा प्लेटोच्या ग्रंथांच्या भाषांतराला लागला होता. परंतु त्याचा आश्रयदाता कोसिमो दे मेदिची याच्या इच्छेवरून त्याने प्लेटो बाजूस ठेवला आणि १४६३ मध्ये आधी हर्मिसचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले. आरंभी एकच शुद्ध ईश्वरज्ञान होते आणि ते हर्मिस, ऑर्फियस, पायथागोरस यांच्याकडून प्लेटोपर्यंत आले, अशी परंपरा त्याने मांडली.

पुढे १६१४ मध्ये इझाक कॅसोबाँ याने त्या ग्रंथांची भाषा तपासली. ते मूसा (अ.) यांच्या काळातील नसून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहेत, असे त्याने दाखवून दिले.

मग मूळ कल्पनाच खोटी ठरते काय? नाही. दिव्य कुरआनची शिकवण अशी की, मानवजात आरंभी एकच समुदाय होती, प्रत्येक समाजात सावध करणारा येऊन गेला आणि सर्व प्रेषितांचा दीन एकच, म्हणजे तौहीद, होता. शरीअती काळानुसार भिन्न होत्या. फिचिनोची ओढ खरी होती. चूक पुराव्यात होती. ग्रंथ जुना, म्हणून तो खरा, असे त्याने धरले. वाडवडिलांच्या मार्गाचा हवाला देणाऱ्यांना कुरआन हेच विचारते: त्यांना समज नसेल, ते सन्मार्गावर नसतील, तरीही काय? हदीसशास्त्राने याच कारणास्तव सनदेतील एकेका व्यक्तीची पारख केली. लांबलचक साखळीतील एक कडी निखळली, तर तिच्या लांबीचा काय उपयोग?

हा निकष आपल्यालाही लागू आहे. कुरआनात इद्रीस (अ.) यांचा उल्लेख अवघ्या दोन ठिकाणी, मोजक्या शब्दांत आहे. तरीही काही मुस्लिम लेखकांनी हर्मिस म्हणजेच इद्रीस (अ.) असे मानून त्यांच्या नावावर ज्योतिष व किमयेची विद्या चढवली. जेथे वह्य मौन आहे, तेथे कल्पनेने बोलू नये, हीच खरी श्रद्धा.

प्रेषितांपैकी सर्वांची हकीकत आपल्याला सांगितलेली नाही, हेही कुरआनच सांगते. म्हणून कोणत्याही प्राचीन समाजाला मार्गदर्शनापासून वंचित समजण्याचा अहंकार आपल्याला शोभत नाही. तसेच कोणत्याही जुन्या पोथीला पुराव्याविना ईशवाणी म्हणण्याचा अधिकारही आपल्याला नाही. तौहीद हे भूतकाळात हरवलेले रहस्य नव्हे. ते आजही प्रत्येक माणसासमोर खुले आहे आणि त्याचा जाब आजच्याच माणसाला द्यावयाचा आहे.