गांधारीचे ‘नाही’

मुलगा तापाने आजारी पडला म्हणजे शेजारीपाजारी विचारपूस करावयास येतात. मुलगा व्यसनाधीन झाला म्हणजे तेच शेजारी खालच्या आवाजात बोलू लागतात. मग आईबाप आरतीस येईनासे होतात. रात्री दाराची कडी वाजेपर्यंत आई जागी असते, आणि कडी वाजल्यानंतर बापास झोप लागत नाही. आपल्या समाजात अशी घरे आहेत, हे आपण सर्वजण जाणतो. त्यांच्यापुढे नित्य उभा राहणारा एक प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत. पंचविशीतला मुलगा पैसे मागतो, रडतो, देवाची शपथ वाहतो. त्याला ‘नाही’ म्हणणे हा वात्सल्याचा भंग होय काय?

महाभारतात या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच घरात आढळतात. विदुर परोपरीने सांगत असताही, पुत्राचे मन मोडवेना म्हणून धृतराष्ट्राने द्यूतास संमती दिली. गांधारीकडे दुर्योधन युद्धाचे अठराही दिवस आशीर्वाद मागत राहिला. तिने त्याला दूर लोटले नाही; पण जय धर्माच्याच बाजूस असेल, याहून अधिक ती बोलली नाही.

दृष्टान्त एकदेशीच घ्यावा. व्यसन हा आजार आहे, दुर्योधनाचा अहंकार नव्हे. परंतु पुत्र आपला असला तरी त्याची प्रत्येक मागणी आपली नव्हे, हा विवेक गांधारीपासून घेण्याजोगा आहे. जेवणाचे ताट, औषध आणि दवाखान्यापर्यंतची सोबत नाकारू नये. नशेसाठी पैसा, वारंवारची कर्जफेड आणि कचेरीत त्याच्या वतीने सांगावयाचे असत्य मात्र नाकारावे.

‘आमचेच संस्कार कमी पडले’ म्हणून कित्येक मातापिता स्वतःस जाळीत असतात. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली अमेरिकेत ‘अल-अ‍ॅनॉन’ ही संघटना निघाली. व्यसन आपण निर्माण केलेले नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि आपल्या हातून ते बरेही होणार नाही, ही तिची शिकवण त्यांनी मनाशी धरावी. पुण्याचे ‘मुक्तांगण’ केंद्र १९८६ पासून रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांचाही विचार करीत आले आहे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला म्हणजे परक्या मुलीच्या आयुष्याची आहुती होय. तसेच अतिमद्यपानाची सवय जडलेल्यास खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडू नये. त्याने झटके येऊन प्राणही जाऊ शकतो. ते काम वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे.

‘नाही’ म्हटल्याने मुलगा सुधारेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. गांधारीचाही पुत्र वाचला नाही. म्हणूनच फळाचा भार आईबापांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. त्यांचे कर्तव्य त्यांनी करावे. आपलेही काही कर्तव्य आहे. पुढील एकादशीस अशी एखादी माउली सभामंडपाच्या कोपऱ्यात एकटी बसलेली दिसली, तर ‘मुलगा काय करतो?’ असे विचारू नये. तिच्याशेजारी बसावे आणि ‘तुम्ही कशा आहात?’ एवढेच विचारावे.