जखम कुणी केली?

जखमी वाघ दिसल्याची बातमी आली की वनखात्याचं उत्तर ठरलेलं असतं : ‘निरीक्षण सुरू आहे, जखम नैसर्गिकरीत्या भरून येईल.’ हे उत्तर दर वेळी पळवाटच असते असं नाही. जीभ पोचते तिथली जखम वाघ चाटून चाटून बरी करतो. मानेवरची, कानामागची मात्र चिघळते, तिच्यात अळ्या पडतात. पाऊल टेकताना पायावर भार किती देतो, पोट खपाटीला गेलंय का, एवढ्यावरूनही जाणत्या पशुवैद्यकाला बरंच कळतं. असा जाणता माणूस कुठल्या वाघाच्या वाट्याला येतो, हा खरा प्रश्न आहे.

ताडोबातल्या ‘छोटा मटका’ या वाघाच्या वाट्याला तो आला. मे २०२५ मध्ये त्याची ‘ब्रह्मा’ या दुसऱ्या नराशी झुंज झाली. ब्रह्मा मेला, छोटा मटकाचा पुढचा पाय जायबंदी झाला. पर्यटकांच्या कॅमेऱ्यांनी त्याचं लंगडणं घरोघरी पोचवलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि ऑगस्टअखेर त्याला पकडून चंद्रपूरच्या उपचार केंद्रात आणलं गेलं. पण दोन नरांच्या भांडणातली ही जखम निखळ जंगलातली होती. ‘निसर्गाला त्याचं काम करू द्या’ हे तत्त्व लावायचंच, तर ते इथं लावायला हवं होतं.

त्याच चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडे मात्र वाघ आहेत, पर्यटकांच्या जिप्सी नाहीत. म्हणून वाघांना लाडकी नावंही नाहीत. या भागातल्या रानाची शेताशी सरमिसळ झालेली. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात वाघाचा पाय किंवा मान अडकते, पिकाभोवती चोरून सोडलेल्या विजेनं तो जागीच मरतो. यातलं नैसर्गिक काय? ज्या जखमेला माणूस जबाबदार, तीच बहुधा कुणाच्या नजरेला पडत नाही.

‘जखम कुणी केली?’ हा प्रश्न रवांडाच्या डोंगरांत आधी विचारला गेला. गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांच्या आग्रहातून १९८६ मध्ये तिथं गोरिलांसाठी पशुवैद्यक आला. तिथला नियम सरळ आहे : दुखापत माणसामुळे झाली असेल किंवा जिवावर बेतली असेल, तरच बेशुद्धीचा डार्ट मारून उपचार करायचे. हरणासाठी लावलेला फास गोरिलाच्या मनगटात रुतला की उपचार, नरांच्या मारामारीत ओरखडे आले की नुसती नजर. २०११ च्या एका अभ्यासात विरुंगा या तिथल्याच डोंगररांगेतल्या, माणसांची सवय झालेल्या टोळ्या वर्षाला सुमारे ४ टक्क्यांनी वाढत असल्याचं आणि बाकीच्या किंचित घटत असल्याचं दिसलं. या फरकात पशुवैद्यकांचा मोठा वाटा होता.

अर्थात गोरिला म्हणजे वाघ नव्हे. माग काढणारी माणसं त्या टोळ्यांना रोज पायी जाऊन भेटतात. फास काढला की तो प्राणी थोड्या वेळात उठून आपल्या कुटुंबात जातो. वाघ पिंजऱ्यात गेला की त्याच्या हद्दीत दुसरा नर शिरतो आणि परतीची वाट जवळजवळ बंद होते. म्हणूनच वेळेवर, जागच्या जागी उपचाराला इथं अधिक मोल आहे. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका वाघिणीच्या मानेत रुतलेला फास तिला बेशुद्ध करून काढला गेला, म्हणजे हे आपल्याकडेही जमतं. फक्त त्यासाठी बरेच महिने जावे लागले.

आणि ते महिने गावाच्या अंगावर निघतात. हरणामागे धावू न शकणारा वाघ गुरांकडे वळतो, आणि गुरांमागे गुराखी असतो. मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी बाई वाकून काम करते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की या बिटात एक लंगडा वाघ खात्याच्या ‘निरीक्षणाखाली’ आहे. पुढे माणूस गेलं की वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली जेरबंदीचा आदेश निघतो. तोवर तो वाघ जखमी राहिलेला नसतो, ‘नरभक्षक’ झालेला असतो.

ट्रॅप कॅमेऱ्यातला फोटो फाइलला लावणं म्हणजे निरीक्षण, अशी समजूत खात्यानं आता सोडावी. पोंभुर्णा ज्यात येतो त्या मध्य चांद्यासारख्या प्रादेशिक वनविभागांना ताडोबाच्या तोडीचं उपचार पथक द्यावं. आणि जखमी वाघ दिसला, तर त्याच दिवशी ती खबर आजूबाजूच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत पोचवावी.