रात्रीची गोळी

जेवण झालं, ओटा पुसून झाला. आता स्ट्रिपमधली कोलेस्टेरॉलची गोळी अंगठ्याने दाबून काढा. लगेच गिळू नका. तळहातावर राहू द्या. तिचं वजन जाणवतं का? जवळजवळ नाहीच.

सावकाश श्वास सोडा. हिच्या, म्हणजे स्टॅटिनच्या, घराण्यातलं पहिलं द्रव्य बुरशीत सापडलं. टोकियोत अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरश्या चाळल्या. 1973 मध्ये क्योटोतल्या तांदळावरच्या निळसर हिरव्या बुरशीने त्यांना हवं ते दिलं.

उजवा हात बरगड्यांखाली, यकृतावर ठेवा. कोलेस्टेरॉल घडवण्याच्या वाटेवर सुरुवातीलाच एक विकर असतं, त्याला ही गोळी अडवते. पाटाला वर बांध घातला की खालच्या सगळ्याच वाफ्यांचं पाणी उतरतं, तसं. कोलेस्टेरॉल हा त्यातला एक वाफा. पेशीतल्या काही प्रथिनांना आपापल्या जागी रोवणारे रेणूही त्याच पाण्यावर वाढतात. म्हणून हिचे परिणाम रिपोर्टमधल्या एका आकड्यात मावत नाहीत.

आता बोटं मनगटावर. नाडी सापडेपर्यंत थांबा, घाई नाही. त्या ठोक्याखाली रक्तवाहिनीचं अस्तर आहे, एकाच पेशीच्या जाडीचं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड पाझरतं आणि वाहिनी सैलावते. स्टॅटिनने हे पाझरणं वाढतं, भिंतीतला दाह निवतो. चरबीच्या गाठीवरची साय घट्ट होते. ती फुटली तर गुठळी धरते, म्हणून हा घट्टपणा मला फार मोलाचा वाटतो.

2008 मध्ये ‘ज्युपिटर’ या चाचणीचे निष्कर्ष आले. 17,802 माणसं, एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नाही, पण दाह दाखवणारं सीआरपी वाढलेलं. रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना 44 टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र त्यांचं एलडीएलही निम्म्यावर आलं होतं. मग श्रेय कोणाचं, किती? हा वाद मिटलेला नाही. तो प्रश्न तसाच मनात ठेवून एक श्वास घ्या.

पोटऱ्यांकडे लक्ष न्या. दुखतात? त्या दुखण्याला नाकारू नका. 2020 च्या एका प्रयोगात त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी दिली, काही महिने काहीच नाही. सुमारे 90 टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. दुखणं खरं होतं. धास्तीनेही अंग दुखतं. पण स्टॅटिनने स्नायूंना खरोखर इजा झालेलीही माणसं आहेत, थोडी असली तरी. काहींची साखरही किंचित चढते. तेव्हा मनाने गोळी बंद करू नका, आणि मुकाट सोसूही नका. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, डॉक्टरांना नीट सांगा.

आता पाण्याचा घोट घ्या. गोळी घशाखाली उतरताना जाणवते. नंतर तिचा माग लागत नाही. बोटं पुन्हा मनगटावर ठेवा.