सात डोक्यांचा अजगर

प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायाचा पाठ घ्यावयाचा म्हटले की शब्बाथशाळेच्या शिक्षकांना थोडी धास्ती वाटते. त्या अध्यायात सात डोकी व दहा शिंगे असलेला एक प्राणी आहे. इंग्रजी पवित्र शास्त्रात त्याला ड्रॅगन म्हटले आहे; आपल्या मराठी शास्त्रात अजगर हा शब्द आहे. आमच्या बेळगावकडच्या मुलांना अजगर ठाऊक असतो. पश्चिमेच्या रानात तो सापडतो, आणि त्याला डोके एकच असते. म्हणून मुले विचारतात, "सर, अजगराला सात डोकी कशी? असा प्राणी खरोखर होता का?"

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका मुलाने मला हाच प्रश्न केला. मी नुकताच ईश्वरविद्येचा डिप्लोमा घेतला होता, आणि उत्तर येत नाही असे म्हणणे मला कमीपणाचे वाटे. मी म्हणालो, "होय, पूर्वी असे प्राणी होते. त्यांची हाडे सापडली आहेत." एवढ्यावर न थांबता पुढच्या रविवारी मी डायनोसॉरचे एक चित्र आणून दाखविले. वर्ग चिडीचूप झाला. मला समाधान वाटले.

पाच-सहा वर्षांनी तोच मुलगा कॉलेजातून सुटीला आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, डायनोसॉर माणसाच्या कितीतरी आधी नाहीसे झाले. आग ओकणाऱ्या प्राण्याचे हाड तर कोठेच सापडलेले नाही. मग तुम्ही आम्हांला जे शिकविले, त्यातले आणखी काय काय असेच होते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे त्याचे मंडळीत येणे कमी होत गेले. त्याचे कारण एवढेच होते असे मी म्हणत नाही. पण त्यात माझाही वाटा होता, हे मी नाकारू शकत नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. देवाच्या वचनाला असत्याचा टेकू दिला तर चालेल काय?

या ड्रॅगनचा मागोवा घेतला तर माणसे दोन निरनिराळ्या मार्गांनी त्याच्याकडे आलेली दिसतात. एक मार्ग चुकीचा आहे आणि दुसरा लबाडीचा.

चुकीचा मार्ग असा. ऑस्ट्रिया देशात क्लागेनफुर्ट नावाचे शहर आहे. इ.स. 1335 च्या सुमारास त्या शहराजवळ एक भलीमोठी कवटी सापडली. हीच ती ड्रॅगनची कवटी, असे लोकांनी ठरविले व ती जपून ठेविली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या चौकात ड्रॅगनचा पुतळा उभारला, तेव्हा त्याचे डोके या कवटीवरून घडविले असे म्हणतात. पुढे 1840 मध्ये एका शास्त्रज्ञाने ती ओळखली. ती हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची होती. चीन देशातही असेच घडले. जुनी हाडे 'ड्रॅगनची हाडे' म्हणून औषधाच्या दुकानांतून विकली जात, आणि लोक ती कुटून घेत. त्यांतील पुष्कळ हाडे फार पूर्वी नाहीशा झालेल्या घोड्यांची, हरणांची व गेंड्यांची होती.

या लोकांना आपण हसू नये. हातात खरे हाड होते, आणि आपल्याला असलेल्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी त्याचा अर्थ लावला. अर्थ चुकला, पण मन खोटे नव्हते. नवे ज्ञान आले तेव्हा ती चूक दुरुस्त झाली.

आता दुसरा मार्ग पाहू. जर्मनीतील हँबुर्ग शहरात अठराव्या शतकात सात डोक्यांचा एक ड्रॅगन होता. चित्रातला नव्हे, तर पेंढा भरून ठेवावा तसा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारा. तो त्या शहराच्या नगराध्यक्षांकडे होता, व त्याला मोठी किंमत येईल अशी त्यांना आशा होती. 1734 साली अ‍ॅल्बर्टस सेबा या संग्राहकाच्या ग्रंथात त्याचे चित्रही छापले गेले. पुढच्याच वर्षी कार्ल लिनियस हा स्वीडनचा सत्तावीस वर्षांचा तरुण शास्त्रज्ञ हँबुर्गला आला. वनस्पतींना व प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची आजची रीत ज्याने रूढ केली, तोच हा लिनियस. त्याने तो ड्रॅगन जवळून पाहिला. जबडे आणि पंजे वीझल नावाच्या, मुंगसासारख्या एका लहान प्राण्याचे होते, आणि अंगावर सापाची कातडी चिकटविली होती. लिनियसने ही गोष्ट उघड केली. ड्रॅगनची किंमत गेली, आणि मालकाच्या रागाला भिऊन लिनियसला ते शहर लवकर सोडावे लागले असे सांगतात.

त्या वेळी लिनियसचा तर्क असा होता की, हा प्राणी कोणा मठवासियांनी केला असावा. प्रकटीकरणातला अजगर लोकांना प्रत्यक्ष दाखवावा व त्यांच्या मनात धाक बसवावा म्हणून. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बसलो. सापाची कातडी चिकटविणारा तो अनामिक मनुष्य आणि वर्गात डायनोसॉरचे चित्र दाखविणारा मी, यांच्यात फरक तो कोणता? दोघांचाही हेतू चांगला होता. दोघांनाही वचन खरे आहे हेच सिद्ध करावयाचे होते.

कोणी म्हणेल, "लहान मुलेच ती! त्यांचा विश्वास दृढ व्हावा म्हणून थोडे वाढवून सांगितले तर काय बिघडले?" याचे उत्तर ईयोबाच्या पुस्तकात आहे. तेराव्या अध्यायात ईयोब आपल्या मित्रांना विचारतो की, तुम्ही देवाची बाजू घेण्यासाठी खोटे बोलणार काय? ते मित्र देवाचे विरोधक नव्हते. ते तर देवाचेच वकील झाले होते. तरी शेवटल्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावतो. देवाला खोटा साक्षीदार नको, तो आपल्या बाजूचा असला तरीसुद्धा. आणि प्रकटीकरणाचा तोच बारावा अध्याय पाहा. तो अजगर म्हणजे सर्व जगाला ठकविणारा सैतान, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. मग ठकविण्याचा आधार घेऊन त्या अजगराविषयी शिकविणे म्हणजे त्याचीच चाकरी नव्हे काय?

याचा अर्थ असा नव्हे की सात डोक्यांचा अजगर ही खोटी गोष्ट आहे. त्या अध्यायाच्या आरंभीच योहान त्याला चिन्ह म्हणतो. चिन्ह हे चिन्ह म्हणूनच सांगितले, तर त्यात लबाडी कोठे आली? चांगल्या शमरोन्याचे घर कोणत्या गावात होते, असे आपण विचारीत नाही. पण त्या दाखल्यातले सत्य आपल्याला टोचते. जुलूम करणारी सत्ता एक डोके छाटले तरी दुसऱ्या डोक्याने उठते, हे ज्याने भोगले आहे, त्याला सात डोक्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तेथे हाडांचा पुरावा मागणेही चूक, आणि तो बनवून देणे त्याहूनही मोठी चूक.

शिक्षकबंधुभगिनींनो, खरे सांगितल्याने वर्ग नीरस होतो असे मानू नका. आमच्या पश्चिमेला, गोव्याच्या बाजूच्या रानात, एक वीतभर लांबीचा सरडा आहे. त्याच्या लांब फासळ्यांवर कातडीचा पडदा असतो. तो पडदा पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. तो आग ओकत नाही, मुंग्या खातो. या जातीच्या सरड्यांना 'ड्रॅको' म्हणजे ड्रॅगन हे नाव 1758 साली मिळाले, आणि ते देणारा दुसरा कोणी नसून तोच लिनियस होता. खोटा ड्रॅगन ज्याने ओळखला, त्यालाच देवाच्या सृष्टीतला हा इवलासा खरा ड्रॅगन पाहून त्याला नाव द्यावेसे वाटले.

मागच्या पावसाळ्यात एका मुलीने मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "बाळ, असा प्राणी पृथ्वीवर कधी होता याचा काहीही पुरावा नाही. योहानाने ते चिन्ह पाहिले. ते कशाचे चिन्ह आहे, ते आपण मिळून वाचू." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने पवित्र शास्त्र उघडले. वीस वर्षांपूर्वी एवढेच बोलण्याचे धैर्य मला झाले असते, तर त्या मुलाच्या प्रश्नापुढे माझी मान खाली गेली नसती. तो अजून आमच्याच गावी येतो-जातो. त्याच्याकडे जाऊन, "मी तुला चुकीचे सांगितले," असे म्हणणे अजून बाकी आहे. हा लेख छापून येण्याआधी ते करावे, असे मी ठरविले आहे.