उसनी चाल

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तिथे खडी गंमत हे लोकनाट्य उभं राहतं आणि गर्दीतले शे-दोनशे मोबाइल वर होतात. त्यातलाच कुणी ढोलकीचा दहा सेकंदांचा तुकडा कापतो, खाली जड बेस घालतो, वर स्वतःचं रॅप चढवतो आणि रीलवर लिहितो, ‘लोककलेसोबत कोलॅब’. ढोलकीवाल्याला पत्ता नसतो. हटकलं की उत्तर तयारच असतं: हिप हॉप उभंच राहिलं उसनवारीवर, आणि भीमगीतं तरी कुठे स्वतःच्या चालींवर होती?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतून काढलेला अर्थ तेवढा खोटा आहे.

१९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या ज्या पार्टीतून हिप हॉप सुरू झालं असं मानतात, तिथला डीजे होता कूल हर्क. सोल आणि फंकच्या तबकड्यांमधला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा दोन टर्नटेबलांवर लांबवत न्यायचा आणि त्यावर लोकांना नाचवायचं, एवढं त्याचं भांडवल. आपल्याकडचा कलगी-तुराही वाचकांना ठाऊक आहे. तुरा शिवाचा, कलगी शक्तीची. दुय्यम, म्हणजे दोघांचा सामना, ठरली की दोन शाहीर डफ घेऊन समोरासमोर येतात, मागे झीलकरी. सवाल ज्या चालीत आला त्याच चालीत जवाब बांधण्यात खरी कसोटी. म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चाल घ्यायची आणि रात्रभर त्याच्याच देखत वापरायची. आधीचा मालक समोर उभा असतो, ऐकत असतो, चुकलं तर पकडतो. उसनवारीचं हे जुनं रूप पक्कं ध्यानात ठेवावं.

घोळ पुढे, जलसा आणि भीमगीतांपाशी होतो. सुशिक्षित मराठी माणसाचं मत ठरलेलं: सत्यशोधक आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तमाशातले गण-गौळण बाजूला सारले, प्रचार आणला, आणि संगीताची ऐपत नसल्यामुळे सिनेमाच्या चाली उचलल्या. यातला ‘ऐपत नसल्यामुळे’ हा शब्दप्रयोग मला दरवेळी खटकतो. संगीत नाटकांचं बघा: बालगंधर्वांच्या ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमऱ्या-दादऱ्यांचा आधार घेतला, ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींचा. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचा उल्लेख छापण्याची रीतच होती. तिथे कुणी ऐपत काढत नाही. तो वारसा होतो. भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांनी मात्र सिनेमाची चाल घेतली की ती नक्कल.

वामनदादांची सुरुवात १९४३ साली सिनेगीताच्या विडंबनापासूनच झाली, हे त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीचं वाटतं. ते हळूच पुढे सरकतात. माझ्या मते थांबायला हवं ते नेमकं इथेच. चाळीत किंवा वस्तीवर शंभर माणसं जमली आहेत, पेटी एक, ढोलकी एक, तालमीला वेळ नाही. चाल नवी असेल तर लोक ऐकून घेतील आणि घरी जातील. ओळखीची असेल तर दुसऱ्या ध्रुवपदाला अख्खी वस्ती झील धरते. चाल सगळ्यांच्या तोंडी, शब्द मात्र कधीच न ऐकलेले. श्रोत्याला गाणारा करायची ही युक्ती होती, आणि ती पूर्ण विचारांती वापरलेली होती. १९५६ च्या नागपुरातल्या धर्मांतरानंतर, तिथून साठेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्यातही ती गाणी पाठ झाली ती अशीच. गाण्यांच्या पातळ चोपड्यांवर ‘तर्ज’ म्हणून मूळ गाणं छापलेलं असे. लपवायचं काही नव्हतंच. मूळ गाणं आठवलं नाही तर युक्तीच फसते.

अमेरिकेत हाच वाद कोर्टात गेला. १९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’ने ‘शिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’चा ठेका घेतला, नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स भांडले आणि गीतकार म्हणून आपली नावं लावून घेतली. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पलवरच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच चोरी करू नकोस या बायबलच्या आज्ञेने केली. तेव्हापासून उसनवारी वकिलांच्या हातात गेली. पण ज्यांचे ठेके सर्वांत जास्त उचलले गेले त्यांतला एक, जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’वरचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड, याला ना भांडता आलं, ना कोर्टाने विचारलं. गीतकार म्हणून त्याचं नाव नव्हतं. ठेका वाजवणारा कायद्याच्या लेखी रचनाकार नसतो.

मंडईतला ढोलकीवाला नेमका याच जागी बसतो. गावाकडून सुपारी येते, रात्र संपली की ती मंडळात वाटली जाते. रीलच्या हिशेबात त्याचा वाटाच नाही. उलट ‘स्वदेशी’ या मुंबईच्या हिप हॉप गटाच्या पोरांनी २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं तेव्हा आरेतले वारली गायक प्रकाश भोईर स्वतः त्यात गायले. त्यांचा आवाज त्यांच्याच नावाने ऐकू येतो, आणि त्यामुळे रॅपरलाही आपली ओळ त्या आवाजाला जुळवून घ्यावी लागते.

तुमसर-साकोलीकडच्या पोरांनी झाडीबोलीत रॅप करावं, खडी गंमतीचा ठेका हक्काने घ्यावा. फक्त तो ढोलकीवाला रेकॉर्डिंगला समोर बसलेला असू द्या. शब्द लांबला की तो हात आवरेल, एखाद्या ओळीवर मान हलवून नापसंती दाखवेल, मध्येच ठेका बदलून पाहील. मग तुम्हाला कडवं पुन्हा लिहावं लागेल.